पंख्याची तार

तळं आटलं म्हणून गावाला मैदान मिळालं. दोन वर्षं पावसानं तोंड फिरवलं, पाणी मागे मागे सरकत गेलं आणि शेवटी मधोमध एक डबकं उरलं. बाकीचं पात्र सपाट, भेगाळलेलं, चारी बाजूंनी वाऱ्याला मोकळं. शेतात काम नव्हतं. रिकाम्या पोरांनी बांबू रोवून गोलाच्या चौकटी केल्या, चुन्याच्या रेघा मारल्या, आणि बघता बघता आसपासच्या गावांचे संघ दर रविवारी तिथं फुटबॉल खेळायला यायला लागले.

सामना म्हटला की गाणी आणि माइक हवाच, पण तळ्यात वीज कुठली असणार? म्हणून पेटी लागायची. पेटी म्हणजे कमरेइतका उंच स्पीकर, खाली दोन चाकं, वर ओढायला दांडा. गावात ती एकाच घरी होती. घरचा मोठा भाऊ माइक धरायचा. आधी ‘हॅलो हॅलो’ केल्याशिवाय त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे, म्हणून गाव त्याला हॅलोवाला म्हणायचं. धाकटा भाऊ गावच्या संघाचा गोलकीपर. आणि हॅलोवाल्याची बायको बॅटरी सांभाळायची.

पेटीच्या आतली बॅटरी कधीच मेली होती. बाहेरून मोटारीची बॅटरी चिमट्यांनी जोडली तरच पेटी बोलायची. ही बॅटरी तिनं स्वतःच्या मजुरीतून घेतली होती. चार्जरला लावायची ती, पाणी घालायची ती, आणि तळ्यापर्यंत कडेवर घेऊन यायचीही तीच. तिच्या कपड्यांना अॅसिडची भोकं पडली होती. वाटेत बाया चेष्टा करायच्या, “काय गं, हे कडेवरचं कधी चालायला लागणार?”

“तुमच्यांपेक्षा बरं आहे, रडत तरी नाही,” ती म्हणायची आणि बॅटरी दुसऱ्या कडेवर घ्यायची.

या मैदानाला एक सवय लागली होती. वारा इतका असायचा की पंचांची शिट्टी पलीकडच्या गोलापर्यंत पोचायचीच नाही. हॅलोवाल्याची नजर मात्र पंचांच्या हातावर असायची. पंचांनी हात वर केला की तो गाणं थांबवायचा, हात खाली आला की पुन्हा लावायचा. पोरांनी शिट्टीचा नाद सोडून दिला. गाणं वाजतंय तोवर धावायचं, गाणं थांबलं की उभं राहायचं. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं. गावच्या पोरांच्या पायांनीच ते शिकून घेतलं होतं.

हंगामाच्या शेवटच्या सामन्याला समोर आलेला संघ या मैदानावर पहिल्यांदाच येत होता. सामना गिरणीच्या मालकांच्या नावाचा. मालकांसाठी मांडव घातला होता, आत सतरंजी, सोफ्याची खुर्ची आणि बाजूला उंच दांड्याचा पंखा. मांडवाच्या कडेला टेबल टाकून हॅलोवाला बसला. टेबलाखाली बॅटरी ठेवून त्याची बायको चिमटे जोडत होती, तेवढ्यात मालकांचा गडी एक तार ओढत आला.

“वहिनी, जरा सरका.”

“हे काय?”

“मालकांचा पंखा. बॅटरीवर चालतो.”

“मालकांची गाडी मागे उभी आहे ना? तिच्या बॅटरीवर लावा.”

“गाडीची बॅटरी उतरली तर मालक घरी कसे जाणार?”

“आणि माझी उतरली तर?”

गडी हसला. “तुम्ही तर चालतच जाता.”

त्यानं तिच्या चिमट्यांवरच आपले चिमटे बसवले. तार सतरंजीखालून नेली होती. गाडी मांडवाला चिकटूनच उभी होती, त्यामुळे बघणाऱ्याला वाटावं की पंखा गाडीवर चाललाय. तिनं नवऱ्याच्या गुडघ्याला हात लावला.

“अहो, सांगा त्यांना. पेटी आणि पंखा दोन्ही ओढणार नाही ही. मध्येच मान टाकेल.”

हॅलोवाल्यानं मालकांकडे पाहिलं. मालकांनी डोळे मिटून तोंड पंख्यासमोर धरलं होतं.

“राहू दे,” तो म्हणाला. “चारचौघांत तमाशा नको.”

उत्तरार्धात, दोन्ही बाजू बरोबरीत असताना, बॅटरीनं मान टाकली. चेंडू गावच्या गोलासमोर होता. गाणं चिरकलं, खाली बसलं आणि संपलं. गावची सगळी पोरं जिथल्या तिथं थांबली. धाकट्यानं कमरेवर हात ठेवले, तोंड वळवलं आणि बांबूशी ठेवलेली पाण्याची बाटली उचलली. पाहुण्यांना काय माहीत? त्यांच्या एका पोरानं दोन पावलं टाकून चेंडू मोकळ्या गोलात सरकवला. पंचांनी शिट्टी वाजवलीच नव्हती, त्यामुळे त्यांनी गोल दिला. ते बरोबरच होतं. धाकटा बाटली तोंडाला लावून उभा होता आणि त्याच्या पायांमागे चेंडू हळूहळू थांबत होता.

सामना हातचा गेला. मग गावाला कोणीतरी हवं होतं, आणि ते शोधायला लांब जावं लागलं नाही. पेटी बंद करणारा मोठा भाऊ, गोल सोडणारा धाकटा भाऊ. एका घरचे दोघं. फितूर झाले, विकले गेले, असं एकजण बोलला आणि दहाजणांनी ते उचललं. संघाचा कप्तान धाकट्याच्या अंगावर धावून गेला. कोणीतरी मागून फेकलेलं ढेकूळ धाकट्याच्या ओठावर बसलं.

ती मध्ये पडली. “पंख्यानं बॅटरी खाल्ली,” ती ओरडून सांगत होती. “मालकांचा पंखा माझ्या बॅटरीवर होता.”

पण तोवर गड्यानं तार गुंडाळून गाडीत टाकली होती. “पंखा गाडीवर होता, आम्ही डोळ्यांनी पाहिलं,” लोक म्हणाले. मालकांनी शांतपणे सांगितलं की चौकशी होईपर्यंत पेटी गिरणीच्या गोदामात राहील. दोन माणसं दांडा धरून पेटी ओढत घेऊन गेली. रिकामी बॅटरी कोणाला नको होती. ती तिच्या कडेवर घरी आली.

घरी धाकटा न जेवता चुलीमागच्या भिंतीला टेकून बसला. ओठ सुजून एका बाजूला आला होता. तिनं फडकं ओलं करून त्याला दिलं आणि नवऱ्याकडे वळली.

“तुम्ही गप्प का बसलात?”

“काय बोलणार होतो?”

“जे झालं ते. तार कुणाची होती, कुठं लावली होती. तुमच्या हातात माइक होता.”

“माइक बंद पडला होता, अगं.”

“तोंड बंद पडलं नव्हतं ना?”

हॅलोवाल्यानं खाली पाहत अंगठ्यानं जमिनीचं सारवण उकरलं. माइक हातात असला की हा माणूस पाहुण्यांच्या सात पिढ्यांचं कौतुक एका दमात करायचा. माइक नसला की त्याला घसा असल्याचीच आठवण राहायची नाही. लग्न होऊन आली तेव्हा तिला त्याच्या आवाजाचा कोण अभिमान वाटला होता. आता तळपायाची आग मस्तकाला गेली.

“पेटी त्यांच्या ताब्यात आहे,” तो म्हणाला. “जरा दमानं घे. शेत पडीक आहे. पेटी गेली तर काय करायचं आपण?”

“दादा, पेटी राहू दे,” धाकटा सुजल्या ओठानं म्हणाला. “मी पाणी प्यायला वळलो, एवढंच केलं मी. तेवढं सांग गावाला.”

मोठ्या भावानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते दोघांनाही कळलं नाही.

पेटी नाही म्हटल्यावर पोटासाठी गाळच उरला. तळ्याच्या वरच्या अंगाला गाळ काढायचं काम चालू होतं. सकाळी जाऊन फावड्यानं वाळलेला गाळ फोडायचा, घमेल्यात भरायचा आणि उंच फळीवरून चढून ट्रॉलीत ओतायचा. ऊन डोक्यावर यायच्या आत अंगावर राखाडी थर बसायचा, घाम आला की त्याच्या चिखलाच्या रेघा व्हायच्या. एकानं भरायचं, एकानं वाहायचं, अशा जोड्या. मुकादमानं धाकट्याला तिघाचौघांकडे पाठवलं. तिघाचौघांनी पाठ फिरवली.

“माझ्याबरोबर लावा,” ती म्हणाली.

ती फावडं मारायची, धाकटा घमेलं उचलायचा. तो फळीच्या मध्यावर आला की कोणीतरी खालून हाळी द्यायचं, “गाणं बंद!” की लागलीच सगळे फावडी टेकवून, कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि मान वळवून पाणी प्यायचं सोंग करायचे. मग हसू. पहिल्यांदा धाकटाही कसनुसा हसला. पुढं पुढं त्याला फळीवर पाय टाकायच्या आधीच घाम फुटायला लागला. एकदा पाय घसरून घमेलं त्याच्या नडगीवर पडलं. चामडी सोलून निघाली. तो खाली बसला तर वरून आवाज आला, “उठा कीपर, पाहुण्यांनी अजून गोल केला नाही.”

ती फावडं घेऊनच त्या आवाजाच्या दिशेनं गेली. बोलणारा संघाचा कप्तान होता, तोही तिथंच खपत होता.

“ये, बोल माझ्यासमोर.”

“मी काय म्हटलं, वहिनी? चेष्टा चाललीय.”

“तुझ्या वयाचा आहे तो. लहानपणी एका ताटात जेवलात. तो विकला गेला असेल तर किती मिळाले ते येऊन बघ आमच्या घरी. डबे उघडून दाखवते.”

कप्तानाची नजर फावड्यावर होती. “पेटी का बंद पडली मग?”

“सांगितलं ना. पंखा होता.”

“मालकांचा पंखा गाडीवर होता.”

भिंतीवर डोकं आपटावं तसं वाटलं तिला. खरं सांगायला तोंड होतं, ऐकायला कान नव्हता कुठंच. ती परत आली, घमेलं भरलं, आणि धाकट्याला बसवून ते स्वतः फळीवरून घेऊन गेली. कोणी हाळी दिली नाही. बाईमाणसावर तेवढी दया त्यांना सुचली, आणि त्या दयेचाच तिला जास्त राग आला.

दुसऱ्या आठवड्याच्या मध्यावर हॅलोवाला गिरणीत गेला. तीही मागोमाग गेली. तिला आत घेतलं नाही. ती वजनकाट्यापाशी पोत्यांच्या थप्पीला टेकून उभी राहिली. जातं फिरत होतं, पिठाची धूळ भुवयांवर बसत होती, आणि आतलं बोलणं काही केल्या ऐकू येत नव्हतं. उघड्या दारातून फक्त नवऱ्याची पाठ दिसत होती. ती पाठ मधूनमधून वाकत होती.

बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता.

“मिटलं,” तो म्हणाला.

“काय मिटलं?”

“या रविवारी मैत्रीचा सामना आहे. तेव्हा माइकवर दोन शब्द बोलायचे. मग पेटी आपली, आणि मैदानाचं कामही आपल्याकडेच. मालक स्वतः म्हणाले.”

“कसले दोन शब्द?”

“चूक झाली म्हणायचं. बॅटरीची.”

“बॅटरीची काय चूक होती?”

“अगं, नुसते शब्द आहेत. बॅटरी जुनी होती, दगा दिला. असं म्हटलं की फितुरीचं नाव निघालं. धाकटा सुटला.”

ती चालता चालता थांबली. बॅटरी जुनी नव्हती. तिनं ती डोळ्यांत तेल घालून जपली होती. पण धाकट्याची सोललेली नडगी तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. गावानं त्याला एकदा मोकळं सोडलं तर बॅटरीची बदनामी तिनं गिळली असती.

“बॅटरी जुनी होती म्हणा,” ती म्हणाली. “तेवढंच. त्यापुढं एक शब्द नको.”

“तेवढंच,” तो म्हणाला.

रविवारी सकाळी तिनं बॅटरीतलं पाणी पाहिलं, चार्जर काढला, चिमटे घासून लखलखीत केले आणि बॅटरी कडेवर घेऊन तळ्यात आली. धाकटा बरोबर आला पण बांधाशीच थांबला. “दादाचं बोलून होऊ दे, मग येतो,” तो म्हणाला. त्यानं धुतलेला सदरा घातला होता आणि केस पाणी लावून बसवले होते.

मांडव तसाच. सतरंजी, खुर्ची, पंखा. गिरणीतून पेटी आली होती, तिच्या जाळीत पीठ अडकलं होतं. टेबलाखाली तिनं बॅटरी जोडली. आणि गडी आला. हातात तीच तार.

ती बघत राहिली. इतकं सगळं होऊनही त्याला काही वाटत नव्हतं. मालकांनाही वाटत नव्हतं. त्यांच्या लेखी त्यात वाटण्यासारखं काही नव्हतंच. आधी नवऱ्याचे दोन शब्द होऊ देत, मग ही तार उपटून फेकते, असं तिनं मनाशी ठरवलं आणि बाजूला सरकली. गड्यानं सराईतपणे चिमटे बसवले आणि शीळ घालत मालकांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

दोन्ही संघ रांगेत उभे राहिले. लोक दोरीपाशी दाटीनं बसले. हॅलोवाला माइक घेऊन उठला.

“हॅलो, हॅलो. जमलेल्या सर्व मंडळींना नमस्कार. मागच्या वेळी या मैदानावर जे घडलं त्याबद्दल दोन शब्द बोलायची परवानगी मालकांनी मला दिली, त्याबद्दल त्यांचे आभार. मंडळी, आमच्या घराण्यात फितुरी नाही. माझा भाऊ निर्दोष आहे.”

आवाज काय सुरेख लागला होता. बांधापर्यंत शब्द न् शब्द पोचत असणार. तिला बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर क्षणभर तिला त्याचा जुना अभिमानही वाटला.

“चूक झाली ती बॅटरीची. आणि बॅटरीचं काम आमच्या घरात बायकोकडे असतं.”

तिनं मान वर केली.

“ती चार्जरला लावायची विसरली. बाईमाणूस आहे, चार कामांत एक राहून जातं. मग अंगावर येऊ नये म्हणून तिनं पंख्याचं निमित्त केलं. कोणी मनावर घेऊ नये. मी तिला घरी चांगली समज दिलेली आहे.”

दोरीपाशी खसखस पिकली. गाळाच्या कामावरच्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. पेटी तिच्या हातभर अंतरावर होती, त्यामुळे तो आवाज तिच्या दातांत, फासळ्यांत बसत होता. तिनं भरलेली बॅटरी, तिनं घासलेले चिमटे, तिच्याच जोरावर तो तिला खोटं पाडत होता. गिरणीत पाठ कशासाठी वाकत होती ते तिला आता कळलं. लाज वाटायला हवी होती कदाचित. वाटला तो निव्वळ संताप.

“आणि मालकांनी मोठ्या मनानं आम्हाला—”

ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी बॅटरीवरचे सगळे चिमटे उपटले.

हॅलोवाल्याचे ओठ आणखी थोडा वेळ हलत राहिले. मग त्यानं माइकवर बोट आपटलं. “हॅलो? हॅलो?” मैदानावर वाऱ्याचा आवाज तेवढा होता. मालकांच्या बाजूचा पंखा मंदावला, त्याची पाती एकेक दिसायला लागली आणि तो थांबला.

मालकांनी मानेवरचा घाम पुसला. “काय झालं रे?”

“तिनं बॅटरी काढली, मालक,” हॅलोवाला म्हणाला. तिच्याकडे वाकून हळू आवाजात म्हणाला, “जोड. लोक बघताहेत.”

“बघू देत.”

“बाई,” मालक खुर्चीतूनच म्हणाले, “वेळ मोडू नकोस. तारा जोड.”

ती उठून उभी राहिली. आवाज शेतापलीकडच्या माणसाला हाक मारायचा लावला, त्याला माइक लागत नाही.

“मी विसरते, मालक. तुमच्याच कुणाला तरी जोडायला सांगा.”

लोक पुन्हा हसले. मालकही हसले. त्यांनी मान न वळवता गड्याला बोट दाखवलं. गडी लगबगीनं आला, टेबलाखाली शिरला. तिथं पेटीच्या आणि पंख्याच्या, अशा दोन तारांचे चिमटे पडले होते. कुठली कुठली हे त्याला विचारायची गरज नव्हती. मालकांनी बोट दाखवलं की काय करायचं हे त्याच्या हाताला वर्षानुवर्षं ठाऊक होतं. त्यानं चटकन दोन चिमटे उचलले, लाल लालला, काळा काळ्याला लावला, आणि हात झटकत बाहेर आला.

पंखा फिरायला लागला.

पेटी गप्प होती. हॅलोवाला हातात माइक धरून उभा होता. मालकांचे केस मागे उडत होते. दोरीपाशी पहिल्या रांगेतलं हसू थांबलं, मग मागचं. कप्तान रांगेतून निघून मांडवात आला. कोणाला काही न विचारता त्यानं सतरंजीचा कोपरा उचलला, पंख्यापासून निघालेली तार मुठीत धरली आणि ती सोडवत सोडवत टेबलापर्यंत आला. गाडीच्या बाजूला त्यानं पाहिलंही नाही. बॅटरीपाशी तार संपली तेव्हा तो तिच्या पायांशी ओणवा होता.

“त्या दिवशीही अशीच होती?” त्यानं विचारलं.

“याला विचार,” ती गड्याकडे बोट करून म्हणाली.

गड्यानं मालकांकडे पाहिलं. मालक म्हणाले, “अरे, पंखा बंद कर आधी,” आणि ते एवढ्या घाईनं म्हणाले की लांबच्यांनाही काय ते कळलं.

गड्याला आडवी होऊन तिनं तो बंद होऊ दिला नाही. कडेच्या लोकांनाही नीट दिसेल इतका वेळ तिनं तो फिरू दिला. मग खाली वाकून चिमटे काढले, बॅटरी उचलली, कडेवर घेतली. वाटेत बसलेल्यांनी पाय आवरून तिला जागा करून दिली. बांधावरून धाकटा उतरून तिच्या दिशेनं येत होता, आधी चालत, मग पळत.

“अगं,” मागून हॅलोवाल्याची हाक आली. माइकशिवायचा तो आवाज जेमतेम तिच्यापर्यंत पोचला. “अगं, पेटी आता कशावर चालवू?”

ती थांबली नाही. चालता चालताच म्हणाली, “मालकांच्या गाडीवर चालवा.”